सरकारी वकील कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली आहे, पण जुने लिपिक रजिस्टर सोडत नाहीत. काय करावं?

सोडू नयेच त्यांनी. मी अशाच एका जिल्ह्याच्या कार्यालयात 26 वर्षं लिपिक होतो, म्हणून सांगतो.

2016 साली आमच्याकडे प्रणाली आली. कंत्राटी ऑपरेटर तारखा भरायचा, उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या केसेसची यादी, आदल्या संध्याकाळीच दिसायचा. मला ते आवडलंही होतं. पण साहेबांनी अपिलाच्या मुदती लिहायचं रजिस्टर बंद करायला लावलं. दोन-दोन ठिकाणी नोंदी कशाला, म्हणाले. मी सांगितलं, साहेब, निकाल लागला की केस निकाली होऊन यादीतून जाते, आणि आपलं अपिलाचं काम तर तिथूनच सुरू होतं. निकालाच्या नकलेचा अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, हे कुठे लिहायचं? मुदत मोजताना या दोन तारखांमधले दिवस वजा होतात. साहेब म्हणाले, तुम्हाला शिकायचंच नाही.

पुढे भूसंपादनाच्या एका निकालावर उच्च न्यायालयात अपील करायचं होतं. मुदत 90 दिवस. ऑपरेटरचं कंत्राट संपलं, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, नक्कल नस्तीत पडून राहिली. प्रस्ताव निघाला तेव्हा मुदत उलटून चार महिने झाले होते. विलंब माफीच्या अर्जाला सर्वोच्च न्यायालयाचा टपाल खात्याच्या केसमधला 2012 चा निकाल आडवा आला. तिथे उशीर 427 दिवसांचा होता, आणि आधुनिक तंत्रज्ञान हाताशी असताना फाइल टेबलाटेबलावर फिरत होती ही सबब न्यायालयाने मानली नाही. आमचा अर्ज फेटाळला गेला. कारणे दाखवा नोटीस मला आली. साहेबांना नाही.

तुम्ही लॉगिन लिपिकांच्याच नावावर द्या, एकट्या ऑपरेटरच्या हाती ठेवू नका. नकलेच्या दोन्ही तारखा आणि मुदतीचा शेवटचा दिवस यांचे रकाने प्रणालीत करून घ्या, तोवर रजिस्टर चालू ठेवा. टायपिंग युनिकोडमध्येच हवं, जुन्या फॉन्टमधलं पक्षकाराचं नाव शोधून सापडत नाही.

आमचं कार्यालय चार लिपिकांचं होतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडच्या सरकारी वकील कार्यालयाचा व्याप हाताने सांभाळता येईल असं माझं म्हणणं नाही. आणि काही लिपिक खरंच टाळाटाळ करतात, तेही पाहिलंय.

पण रजिस्टर बंद करायचंच असेल तर आदेश लेखी काढा आणि खाली स्वतःची सही करा. आमच्याकडे तो तोंडी होता.