भुरी उंबऱ्याच्या आत येत नाही

वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही वडगावला राहतो. घराच्या दोन्ही बाजूंना माग आहेत, दिवसभर खटखट चालू असते. भटक्या जनावरांसाठी धडपडणारी ओळखीची पोरं तीन आठवड्यांपूर्वी एक कुत्री घेऊन दारात आली. "काकू, दोन महिने ठेवून घ्या, तोवर हिला कायमचं घर बघतो," म्हणाली. सदलग्याकडच्या उसाच्या फडात सापडली होती. तोडणीची टोळी गेली आणि ही मागं राहिली. मागच्या पायावरून ट्रॉलीचं चाक गेलेलं. ऑपरेशन झालंय, हाड जुळलंय, थोडी लंगडते. अंगानं काटकुळी, तोंड लांबट. मुधोळ जातीच्या कुत्र्याची मिसळ असावी म्हणतात. भुरी हे नाव सासूबाईंनी ठेवलं.

पहिले चार दिवस तिनं उंबरा ओलांडला नाही. एवढा पाऊस, तरी पडवीत भिजत बसून राहिली. उचलून आत आणली तर फरशीवर चारी पाय फाकून थरथरत उभी. आता आत येते, पण पंखा लावला की पलंगाखाली. अर्धा तास रस्त्यानं फिरवून आणते, तिथं काही करत नाही आणि घरात आली की नेमकी पायपुसण्यावर. परवा माझा दहा वर्षांचा मुलगा तिची ताटली उचलायला गेला तर गुरगुरली. आमचे हे म्हणतात, तिला मराठी कळत नाही. त्यांनी कन्नडमध्ये "बा इल्ली" (इकडं ये) म्हटलं तर खरंच उठून आली! सासूबाईंचं सोवळं-ओवळं आहेच. त्यात गणपती तोंडावर. आमचं काय चुकतंय? आणि दोन महिन्यांनी तिला देऊन टाकायचं या विचारानं मुलगा आत्ताच रडतो, त्याला काय सांगू?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, चुकण्याचंच म्हणाल तर आधी माझं ऐका. चिकोडी तालुक्यात मी एकतीस वर्षं म्हशी बघितल्या. अडलेल्या म्हशीचं रेडकू रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात बाहेर काढायचं, हे माझं काम. कुत्री यायची ती सुई टोचून घ्यायला आणि मालकाबरोबर परत जायची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा एक रस्त्यावरचं कुत्रं घरात आणलं, तेव्हा मला वाटलं, आपण डॉक्टर, आपल्याला कोण शिकवणार? आल्या दिवशी त्याला आंघोळ घातली, गळ्यात नवा पट्टा बांधला आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांना बघायला बोलावलं. मोत्या चार दिवस पलंगाखालून बाहेर आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याला पाय धरून ओढला. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्यापाशी अजून खूण आहे. आमच्या मंडळींनी मग मला त्या खोलीत जायलाच बंदी केली. ती रोज तिथं बसून भाजी निवडायची, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. नवव्या दिवशी मोत्या तिच्या मांडीवर तोंड टेकून झोपला.

तुमच्या भुरीनं जन्मात छप्पर बघितलेलं नाही. फडातल्या खोपीला दार नसतं, डोक्यावर फिरणारा पंखा नसतो, जमीन आरशासारखी चकाकत नाही. तीन दिवसांत भेदरलेपण कमी होतं, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत आपलं वाटायला लागतं, असा एक ठोकताळा सांगतात. ठोकताळाच आहे तो, पंचांगासारखा पाळायला जाऊ नका. पाय मोडलेल्या जनावराला जास्त दिवस लागतात.

आधी फरशी. मुधोळची मिसळ असेल तर तिच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, कोपराची हाडं वर आलेली. गार फरशीवर बसून कोपरं सोलवटतात, त्यात पाणी धरतं. गुळगुळीत फरशीवर नखं रुतत नाहीत, म्हणून ती पाय फाकून उभी राहते. घसरली की जुळलेल्या पायाला हिसका बसतो. गोठ्यात म्हशीच्या पायाखाली घालतात ती रबरी मॅट आणा आणि दारापासून तिच्या कोपऱ्यापर्यंत वाट करून द्या. कोपऱ्यात जुनी वाकळ, दुहेरी घडी घालून. कोपरा असा निवडा की तिथून तिला दार दिसेल, पण येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिच्यावर पडणार नाही. त्या वाकळेवर ती असेल तेव्हा कुणीही तिला हात लावायचा नाही, लाडानंसुद्धा नाही. हा नियम मुलाला सांगा आणि पाहुण्यांना दोनदा सांगा.

पंख्याला घाबरते म्हणता, मग मागाच्या खटखटीत झोपते का, हे बघितलंत? बहुतेक झोपत असेल. एका लयीत चालणारा आवाज कुत्र्याच्या लवकर अंगवळणी पडतो. लाइट गेली आणि माग थांबले की कान टवकारून उठेल बघा. पंख्याची भीती आवाजाची नसून वर काहीतरी फिरतंय, याची असणार. सुरुवातीला एकवर लावा, ती जेवत असेल तेव्हा. वर बघून पुन्हा ताटलीत तोंड घातलं की निम्मं काम झालं.

आता पायपुसणं. यात तिचा खोडसाळपणा काही नाही. जन्मभर तिनं मातीवर, पाचटावर लघवी केली. तुमच्या घरात पायाला मऊ लागणारी आणि ओल शोषून घेणारी जागा एकच, ती म्हणजे पायपुसणं. बाहेर करत नाही कारण रस्त्यावर रिक्षा, माणसं, दुसरी कुत्री, आणि लघवीला बसलेलं जनावर स्वतःला उघड्यावर पडल्यासारखं समजतं. अर्धा तास चालवू नका. घरामागं किंवा गल्लीच्या टोकाला मातीची एक शांत जागा धरा, तिथं नेऊन नुसत्या उभ्या राहा. मोबाईल बघा, तिच्याकडे बघू नका. झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पाव तासानं आणि रात्री निजण्याआधी अशा वेळा ठरवा. पहिल्यांदा त्या पायपुसण्याचा ओला तुकडा कापून तिथं टाका, बाकीचं पायपुसणं महिनाभर उचलून ठेवा. तिथं झाली की तिथल्या तिथं अंड्याचा एक तुकडा द्या. घरी येऊन दिलात तर घरी आल्याबद्दल मिळाला, असं ती समजते. घरात झाली तर ओरडू नका, नाक घासणं तर नकोच; त्यातून ती फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकेल. फरशी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. फिनेल नको, ते पंजावरून चाटण्यात जातं.

गुरगुरण्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण घरात मूल आहे. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं दिलेली नोटीस. नोटीस दिली म्हणून मारलं तर पुढच्या वेळी ते नोटीस न देता चावतं. असं 'न सांगता चावलेलं' कुत्रं माझ्याकडे आणलं की मी आधी विचारायचो, गुरगुरल्यावर काय करत होतात? बहुतेकांची मान खाली जायची. गुरगुरण्याच्याही आधी ती बरंच काही सांगते. तोंड फिरवते, झोप नसताना जांभई देते, ओठ चाटते, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. मुलाला या चार खुणा शिकवा. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. फडावर दहा कुत्र्यांत एक भाकरी मिळालेल्या जनावराची ताटली उचलायची नसते. मुलानं लांबूनच ताटलीत उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, तेही मोठं माणूस शेजारी असताना. आठ-दहा दिवसांत तो येताना दिसला की ती शेपूट हलवेल. तिची रेबीजची लस झाल्याचा कागद त्या पोरांकडून मागून घ्या. आणि कुणालाही दात लागलाच, ओरखडा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या लशीनं वाचतो.

खाण्याचं थोडक्यात : जोंधळ्याची भाकरी चालेल, पण नुसत्या भाकरी-दुधावर तिचं अंग भरणार नाही आणि दुधानं पुष्कळ कुत्र्यांना ढाळ लागतात. अंडं, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, भात. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या सळ्या होतात. कांदा-लसूण घातलेली आमटी नको, द्राक्षं-बेदाणे नकोत, चॉकलेट नको. कुंद्याची मिठाई आणलीत तर डबा उंचावर. ती मागच्या पायांवर उभी राहिली तर टेबलाच्या वर पोचते, हे विसरू नका.

मराठी-कन्नडचं वाचून हसलो. तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. सदलग्याच्या बाजूला दोन्ही भाषा कानावर पडतात आणि टोळीतलं कुणीतरी तिला कन्नडमध्ये हाक मारत असणार. कुत्र्याला भाषा नसते, ठरावीक आवाज असतो. तिला 'बा इल्ली' येतं तर घरात सगळ्यांनी 'बा इल्ली'च म्हणा. एकानं 'ये', दुसऱ्यानं 'इकडं', तिसऱ्यानं 'कम' म्हटलं तर ती गोंधळते. सीमाभागातल्या कुत्र्यानं तरी या भांडणात पडू नये.

मुधोळचीच गोष्ट काढली तर, ही जात नावारूपाला आणली मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी, आणि 2005 साली टपाल खात्यानं तिचं तिकीटही काढलं. सासूबाईंना हे जरूर सांगा, राजघराण्याशी संबंध कळला की फरक पडतो. सोवळ्याचं म्हणाल तर दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी बसलेली असतात आणि मंगसुळीच्या खंडोबाबरोबरही कुत्रं असतंच. तरी पण देवघर आणि स्वयंपाकघर या दोन खोल्यांवर सासूबाईंचा हक्क राहू द्या. दाराला फळी लावा. भुरीलाही कुठं जायचं नाही हे ठाम कळलेलं बरं, आणि ज्या बाईनं नाव ठेवलं ती फार दिवस लांब राहणार नाही.

मुधोळ म्हणजे नजरेनं शिकार धरणारी जात. मांजर, कोंबडी, पळणारं काहीही दिसलं की पाय लंगडा आहे हे ती विसरेल. तिचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा कानावरून सटकतो. छातीवरून येणारा हार्नेस घ्या आणि गणपती होईपर्यंत दोर हार्नेसला आणि पट्ट्याला अशा दोन ठिकाणी बांधा. बेळगावची विसर्जन मिरवणूक तुम्हाला सांगायला नको, दुसरा दिवस उजाडला तरी चालू असते. डॉल्बी आणि फटाक्यांना बिचकून सुटलेली कुत्री या दिवसांत फार हरवतात. त्या दिवशी तिला उजेडातच बाहेर नेऊन आणा, मग सगळ्यात आतली खोली, खिडकीला जाड चादर, पंख्याला सरावली असेल तर पंखा चालू, रेडिओ चालू. सांगली लावा की धारवाड, तिची तक्रार नसेल. पलंगाखाली गेली तर जाऊ द्या. जवळ येऊन बसली तर पाठीवर हात ठेवा. घाबरलेल्याला जवळ घेतल्यानं भीती वाढते, हे मीही पूर्वी लोकांना सांगायचो आणि ते चूक होतं.

राहिला मुलगा. त्याला खोटं सांगू नका, 'बघू नंतर' तर अजिबात नको. कॅलेंडरवर तारीख लिहा. आम्ही मोत्याला निपाणीच्या एका घरी दिलं आणि आठव्या दिवशी मी न राहवून बघायला गेलो. मला बघून तो गाडीत चढून बसला, उतरेना. त्या घरातल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. पुढचे पंधरा दिवस मोत्या तिथं फाटकाशीच बसून होता, असं त्या फोनवर म्हणाल्या. माझ्या हौसेची शिक्षा त्याला झाली. तेव्हा निदान दोन-तीन महिने भेटायला जायचं नाही, फोटो मागवायचे.

मुलाला एक काम द्या. वहीच्या पानावर त्यानं भुरीची माहिती लिहायची : कधी खाते, कुठं लघवीला जाते, कशाला घाबरते, कुठल्या शब्दाला येते. ते पान नव्या घरी जाईल. मोत्याचं पान मी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर त्या बाईंना कळलं असतं की तो पुरुषाच्या हातून खात नाही. आणि वाकळही तिच्याबरोबर द्या. न धुता.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या कानात गोचीड फार झालेत. गोठ्यात मारायचं औषध लावलं तर चालेल का? शेजारी रॉकेल सांगतात. — एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही नको. म्हशीसाठीच्या औषधाचं प्रमाण कुत्र्याला जड जातं, शिवाय ते अंग चाटतं. रॉकेलनं कातडी भाजते. जवळच्या डॉक्टरांना कुत्र्याचं वजन सांगा, त्या वजनाचं मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी मिळते. दिसतात ते चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटानं चिरडू नका. कुत्र्यावरचा गोचीड खाली उतरून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालतो, त्यामुळे नुसतं कुत्रं साफ करून भागणार नाही. त्याच्या झोपायच्या जागेजवळच्या भेगा सिमेंटनं बुजवा. खाणं कमी झालं असेल, अंग तापत असेल किंवा हिरड्या पांढुरक्या दिसत असतील तर वाट न बघता रक्त तपासून घ्या.