शंका-समाधान : डाग आहे, पण डीएनए नाही

प्रश्न : रक्ताने माखलेले कपडे सापडूनही ‘डीएनए मिळाला नाही’ असा अहवाल कधीकधी येतो. विज्ञान एवढं पुढे गेल्यावर असं का व्हावं?

उत्तर : अनेकदा नमुना प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बिघडलेला असतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की ओल आत कोंडते, जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. उन्हात वाळवणंही चूकच, कारण अतिनील किरण तेच काम करतात. कपडा सावलीत, कोऱ्या कागदावर पूर्ण वाळवायचा. घडीच्या मध्ये कागद घालायचा, नाहीतर एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला उमटतो आणि डागाचा मूळ आकार हरवतो. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात.

भिंतीवरच्या वाळलेल्या डागासाठी स्वॅबवर, म्हणजे नमुना टिपायच्या कापूस लावलेल्या काडीवर, निर्जंतुक पाण्याचे एक-दोन थेंब पुरे. जास्त पाण्याने डाग पसरतो. त्याच जागेवरून नंतर दुसरा, कोरडा स्वॅब फिरवायचा. शेजारच्या स्वच्छ जागेचाही एक स्वॅब तुलनेसाठी लागतो. घाईत नेमका तोच राहून जातो.

नमुना उत्तम असूनही अडतं ते वेगळ्याच कारणाने. रक्ताला लाल रंग देणारं हीम आणि जीन्स पँटच्या कापडातली नीळ पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणतात. अशा वेळी शुद्धीकरण पुन्हा करावं लागतं.

प्रश्न : आता थोड्याशा पेशीही पुरतात. म्हणजे चुका कमी झाल्या ना?

उत्तर : काही कमी झाल्या, काही नव्याने आल्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून माणूस ओळखण्याची ही पद्धत शोधली तेव्हा बराच मोठा डाग लागायचा. पुढे दोनच वर्षांत खुनाची कबुली दिलेला एक तरुण याच चाचणीने निर्दोष ठरला. हे या शास्त्राचं फार मोठं देणं आहे. आज एका नॅनोग्रॅमहून कमी डीएनए पुरतो, पण मग नमुना बिघडायला दुसऱ्या कुणाच्या थुंकीचा शिंतोडाही पुरतो! जर्मनीत हाइलब्रॉन इथे २००७ मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका अनोळखी स्त्रीचा डीएनए इतर डझनावारी गुन्ह्यांतही सापडला होता. २००९ मध्ये उलगडा झाला : तो स्वॅब बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए उरतो. म्हणून डीएनएमुक्त असल्याची खात्री दिलेलेच स्वॅब घ्यावेत, तोंडाला मास्क असावा आणि प्रत्येक वस्तूनंतर हातमोजे बदलावेत.

प्रश्न : मग बोटांच्या ठशांची गरज संपली का?

उत्तर : मुळीच नाही. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखाच दिसतो, ठसे मात्र वेगळे असतात. प्रश्न क्रमाचा आहे. ठशावरून स्वॅब फिरवला तर रेषा पुसतात. आधी पावडर मारली तर ब्रशला चिकटलेला आधीच्या ठिकाणचा डीएनए इथे येतो. म्हणून आधी छायाचित्र, मग नव्या ब्रशने पावडर, आणि रेषा पुसट निघाल्या तर त्याच जागेचा स्वॅब.