शंभर शेअर, शंभर डॉलर आणि अलास्काची सफर

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. माझे आई-बाबा पुढच्या जूनमध्ये पुण्याहून येणार आहेत. बाबांची पंच्याहत्तरी आहे, म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी अलास्काची सात रात्रींची क्रूझ ठरवतोय. आम्ही दोघं आणि ते दोघं, दोन केबिन. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीनं सांगितलं, की क्रूझ कंपनीचे शंभर शेअर घेऊन ठेवले तर दर सफरीला शंभर डॉलर मिळतात, आणि शेअरही वाढतच राहतात. हे खरं आहे का? दोन केबिनचे दोनशे मिळतील का? बाबा त्यांच्या नावावर पुण्यातूनच शेअर घ्यायला तयार आहेत. घेऊ द्यावेत का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : मैत्रिणीच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. कार्निवल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या तिन्ही मोठ्या कंपन्या भागधारकांना ही सवलत देतात आणि तिघींचीही अट किमान 100 शेअरची आहे. तुम्ही प्रिन्सेस किंवा हॉलंड अमेरिकेचं जहाज बघत असाल, तर त्या दोन्ही कार्निवलच्याच घरातल्या. कार्निवलमध्ये सहा दिवसांपर्यंतच्या सफरीला 50 डॉलर, सात ते तेरा दिवसांना 100, चौदा किंवा अधिक दिवसांना 250. बाकी दोघींचे टप्पे थोडे वेगळे आहेत, पण सात रात्रींना तिथेही 100 डॉलरच.

हे पैसे हातात येत नाहीत. जहाजावर तुमच्या नावाचं खातं असतं, त्यात ते क्रेडिट म्हणून जमा होतात. किनाऱ्यावरची सहल, स्पा, वायफाय, जास्तीचे पैसे आकारणारं रेस्टॉरंट, अशा खर्चाला ते चालतात. कार्निवलच्या नियमांप्रमाणे कॅसिनोत चालत नाहीत आणि कर्मचाऱ्यांच्या टिपेलाही चालत नाहीत. टिपेचा मुद्दा मुद्दाम सांगते. माणशी दिवसाला 16 डॉलर धरले तरी चार माणसांचे सात दिवसांचे 448 डॉलर होतात. ते खर्चात आधीच वेगळे मांडा आणि आनंदानं द्या. या जहाजांवर गोव्याची, कोकणातली मुलं किती आहेत, हे एकदा जेवणाच्या टेबलाशी बोलायला लागलात की कळेल. 2020 च्या फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामाला अडकून पडलं, तेव्हा त्यावर 138 भारतीय होते, त्यातले 132 कर्मचारी. मागच्या खेपेला आम्हाला वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याचा होता. माझं मराठी ऐकून त्यानं तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आमच्यासाठी हिरव्या मिरच्या आणि लिंबू आणून दिलं. नऊ महिने घरापासून लांब होता तो. त्याच्या टिपेत मी कधीही काटछाट करणार नाही.

आता दोन केबिन. सवलत केबिनमागे एकदाच, आणि ज्या केबिनमध्ये भागधारक स्वतः राहतो तिलाच. शेअर तुमच्या नावावर असतील तर तुमच्या केबिनला 100 डॉलर, आई-बाबांच्या केबिनला काही नाही. दोनशे हवे असतील तर त्या केबिनमधल्या कुणाच्या तरी नावावर वेगळे शंभर शेअर लागतील. पाचशे शेअर घेतले म्हणून क्रेडिट पाचपट होत नाही, हेही लक्षात घ्या. शंभराच्या पुढचा प्रत्येक शेअर ही साधी गुंतवणूक, सवलतीशी त्याचा संबंध नाही.

आणि मैत्रिणीचा दुसरा अर्धा भाग, 'वाढतच राहतात', तो मात्र अजिबात खरा नाही.

तुमच्याकडे शंभर शेअर आहेत आणि भाव एका डॉलरनं खाली आला. किती गेले? शंभर डॉलर. म्हणजे एका सफरीचं अख्खं क्रेडिट. क्रूझचे शेअर एका डॉलरनं हलायला एखादी साधी सकाळ पुरते. तेलाचा भाव चढला किंवा कॅरिबियनमध्ये वादळाची बातमी आली की झालं. मी 31 वर्षं हिशेबाचं काम केलं आहे, आणि या विषयातलं हे एकच गणित तुमच्या फ्रिजवर चिकटवून ठेवावं असं मला मनापासून वाटतं : एक डॉलरची घसरण म्हणजे एक सफर.

कार्निवलचा शेअर 2018 च्या जानेवारीत 70 डॉलरच्या वर होता. 2020 च्या मार्चमध्ये जहाजं थांबली. जहाज थांबलं तरी खर्च थांबत नाही. नांगरून ठेवलेल्या जहाजालाही माणसं, वीज आणि देखभाल लागते. एप्रिलमध्ये कंपनीनं 8 डॉलर भावानं नवे शेअर विकले आणि साडेअकरा टक्के व्याजानं 4 अब्ज डॉलर उभे केले. पुढे कर्ज 35 अब्जांच्या वर गेलं. शेअरची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. म्हणजे जुन्या भागधारकाचा कंपनीतला वाटा जवळजवळ निम्मा झाला, आणि तो सहजासहजी पूर्ववत होत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात भाव 7 डॉलरच्याही खाली होता. 2025 च्या उन्हाळ्यात 30 च्या आसपास आला. ज्यानं 7 ला घेतले त्याचे चौपट झाले, ज्यानं 70 ला घेतले तो सात वर्षांनीही निम्म्याखाली. दोघांनाही सवलत मात्र सारखीच मिळाली. लाभांशही त्या काळात बंद होता. कार्निवलनं 2025 च्या डिसेंबरात तो पुन्हा सुरू केल्याचं जाहीर केलं, तिमाहीला शेअरमागे 15 सेंट. शंभर शेअरचे वर्षाला 60 डॉलर.

रॉयल कॅरिबियनची गोष्ट उलटी. 2020 च्या मार्चमध्ये 20 डॉलरच्या आसपास गेलेला तो शेअर 2025 मध्ये 300 च्या वर होता. फार चांगली चालवलेली कंपनी आहे, माझ्या मते तिघींत सर्वांत उत्तम. पण 300 डॉलरनं शंभर शेअर म्हणजे 30,000 डॉलर, आणि त्यावर वर्षाला एका सफरीचे 100 मिळाले तर ते एक तृतीयांश टक्का. सवलतीसाठी तो घेण्यात काहीच अर्थ नाही. 30 डॉलरनं कार्निवलचे शंभर घेतले तर 3,000 गुंततात आणि 100 डॉलर म्हणजे सव्वातीन टक्क्यांहून थोडे जास्त होतात. नॉर्वेजियन त्याहून स्वस्त पडतो. पण हे टक्के तुम्ही दरवर्षी खरोखर जहाजावर गेलात तरच. तीन वर्षांतून एकदा जाणार असाल तर त्यांना तिनानं भागा.

माझ्याकडे या तिघींपैकी एकीचे शंभर शेअर आहेत. महामारीच्या आधी घेतले, साडेपाच हजार डॉलरच्या आसपास. आतापर्यंत चार सफरी झाल्या, त्यातल्या तीन सफरींचं क्रेडिट मिळालं, मिळून 300 डॉलर. चौथ्या वेळी मी कागद वेळेत पाठवले नाहीत; ती चूक माझी. आणि गुंतवलेल्या रकमेतून आजही निम्म्याहून जास्त वजा आहे. त्याच दिवशी तेच पैसे मी साध्या, सगळ्या बाजाराबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात टाकले असते तर त्या वाढीवर आम्ही दोघं दोनदा अलास्काला जाऊन आलो असतो.

घेतले का, याचं खरं कारण सांगते. माझे बाबा गिरगावात राहायचे. एका कापड गिरणीचे पंचवीस शेअर त्यांच्याकडे होते. वार्षिक सभेला ते इस्त्रीचा सदरा घालून मरीन लाइन्सच्या बिर्ला मातुश्री सभागारात जायचे आणि येताना खाऊचं पाकीट आणि गिरणीचा टॉवेल घेऊन यायचे. भारतात सभेला भेटवस्तू द्यायला आता मनाई आहे, 2015 पासून. पण तेव्हा ती रीतच होती. 'आपल्या कंपनीनं दिलाय', असं म्हणत तो टॉवेल आईच्या हातात द्यायचे. 1982 च्या संपानंतर ती गिरणी सावरली नाही. शेअरचे कागद रद्दीच्या भावाचे झाले. टॉवेल आम्ही पुढे कितीतरी वर्षं वापरले. जहाजाच्या बिलावर 'भागधारक' म्हणून शंभर डॉलर वळते झालेले बघताना मला अजून त्या सदऱ्याची आठवण येते. तो आनंद खरा आहे आणि मला तो हवा आहे. पण तो आनंद आहे, गुंतवणुकीचं कारण नाही. हे दोन कप्पे मी तेव्हा वेगळे ठेवायला हवे होते. तुम्ही ठेवा.

बाबांच्या नावावर पुण्यातून? नको. कायदा आड येत नाही : निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि दहा लाख रुपयांच्या आत रक्कम असेल तर बँक त्यावर टीसीएसही, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ करही, कापत नाही. अडचण पुढे आहे. परदेशी शेअर नावावर आला की त्यांना विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरावा लागेल, उत्पन्न शून्य असलं तरी. पेन्शनवर असल्यामुळे ते आजवर 'सहज' (आयटीआर-1) हा सोपा फॉर्म भरत असतील, तर ते बंद. आयटीआर-2 भरावं लागेल. पंच्याहत्तरीच्या माणसामागे एका केबिनच्या शंभर डॉलरसाठी दरवर्षी सीएची फेरी लावू नका.

तुम्हा दोघांना मात्र क्रूझची आवड असेल, दर वर्ष-दोन वर्षांनी जायचंच असेल, आणि तीन हजार डॉलर निम्मे झाले तरी घरातल्या कशालाही धक्का लागणार नसेल, तर एकाच्या नावावर नेमके शंभर घ्या आणि थांबा. निवृत्तीच्या खात्यातले किंवा मुलांच्या कॉलेजचे पैसे यात घालू नका. आणि फक्त जूनच्या सफरीसाठी घेऊन जुलैत विकायचा विचार असेल तर तोही सोडा; मधल्या काळात भाव दोन डॉलरनं पडला तर सवलत मिळवायला तुम्हीच शंभर डॉलर जास्त दिलेले असतील.

घेतलेच तर बुकिंग नंबर, जहाजाचं नाव, निघण्याची तारीख आणि ब्रोकरच्या ताज्या स्टेटमेंटची प्रत निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी पाठवा. स्टेटमेंटवर तुमचं नाव आणि शेअरची संख्या दिसली पाहिजे. खाते क्रमांक काळा करा. बुकिंग झालं त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर तारीख टाका. आणि पाठवण्याआधी त्या वर्षीचे नियम पुन्हा वाचा, कारण कंपनी ही सवलत मुदत घालून देते आणि वेळोवेळी मुदत वाढवते. ते कायमचं वचन नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट वेगळीच आहे. ही जहाजं परदेशी झेंड्याखाली चालतात. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे, त्यामुळे सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणाऱ्या अशा जहाजाला वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून ते बहुतेक वेळा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. आई-बाबांकडे भारतीय पासपोर्ट असणार, म्हणजे त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना तेही बघा. व्हिसा नसेल तर सिअ‍ॅटलच्या धक्क्यावरच त्यांना अडवतील, आणि मग शेअर दोनशे असले तरी उपयोग नाही. शेअरचं मे महिन्यात ठरवलंत तरी चालेल. त्यांचा कॅनडाचा अर्ज याच आठवड्यात भरायला घ्या.