आपल्या गावाच्या संघाविषयी लिहिताना

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पिट्सबर्ग पायरेट्स या आपल्या बेसबॉल संघाविषयी या हंगामापासून मराठीतून नियमित लिहायचे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. गावच्या संघावर तुझे प्रेम आहे, हे वाचक धरूनच चालतो. त्याला हवा असतो तो मैदानावर काय घडले याचा विश्वासार्ह वृत्तांत. म्हणून सामना पाहताना स्कोअरकार्ड स्वतःच्या हाताने भर. चेंडू फेकणारा पिचर 1, बॅटरमागे तो झेलणारा कॅचर 2, असे करत राइट फील्डर 9, हे क्रमांक एकदा अंगवळणी पडले की शॉर्टस्टॉपने (6) चेंडू उचलून सेकंड बेसमनकडे (4) दिला आणि त्याने तो फर्स्ट बेसला (3) पाठवून दोघांना बाद केले, हे सारे 6-4-3 एवढ्या नोंदीतून महिन्यानंतरही डोळ्यांपुढे उभे राहते. बॅट न फिरवताच बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला, तर इंग्रजी ‘के’ अक्षर उलटे काढतात. तेथे जरा थांबत जा. त्या बॅटरने बॅट का फिरवली नाही, याचा शोध हाच पुष्कळदा लेखाचा गाभा असतो.

आकडे जरूर दे, पण तो आकडा नेमके काय मोजतो, हे आधी समजून घे. 2025 मध्ये पॉल स्कीन्सच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले, तरीही नॅशनल लीगच्या, म्हणजे हा संघ ज्या गटात खेळतो त्याच्या, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच एकमताने मिळाला. क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेलेल्या धावा वगळता दर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी 1.97 धावाच दिल्या होत्या. स्वतःच्या संघाचे बॅटर धावा काढत नसतील, तर पिचरच्या खात्यावर विजय कुठून जमा होणार?

या संघाविषयी लिहायचे म्हणजे पराभवाविषयी लिहिणे आले. 1993 ते 2012 असे सलग 20 हंगाम संघाने जिंकले त्याहून जास्त सामने गमावले. हंगामात 162 सामने असतात, तेव्हा प्रत्येक पराभवाला आभाळ कोसळल्यासारखे लिहू नकोस. व्यवस्थापनाच्या निर्णयांवर मात्र कठोर टीका करायला कचरू नकोस. फक्त त्या निर्णयांचा राग मैदानावर राबणाऱ्या खेळाडूवर काढू नये, एवढे सांभाळ.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. रॉबर्टो क्लेमेंटे हा पोर्तो रिकोचा खेळाडू या गावाचे दैवत आहे. त्याने बरोबर 3000 हिट्स केल्या, म्हणजे चेंडू टोलवून तितक्यांदा बेस गाठला, आणि 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत नेत असताना विमान अपघातात तो गेला. पीएनसी पार्क या संघाच्या मैदानातील राइट फील्डची भिंत त्याच्या 21 क्रमांकाच्या स्मरणार्थ 21 फूट उंच बांधली आहे. पण तो हयात असताना वृत्तपत्रे त्याला परस्पर ‘बॉब’ म्हणत, आणि त्याचे इंग्रजी उच्चार हुबेहूब छापून त्याला अडाणी ठरवत. ही वागणूक त्याला किती बोचत असेल, हे परक्या देशात येऊन नव्या भाषेत बोलायला शिकलेल्या आईवडिलांच्या मुलाला मी वेगळे सांगायला नको. आजही संघात डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलाहून आलेली मुले असतात. त्यांची नावे ती स्वतः उच्चारतात तशी लिही, त्यांचे म्हणणे दुभाष्यामार्फत आले असेल तर तसे नमूद कर, आणि त्यांच्या रागाला ‘तापट स्वभाव’ म्हणून मोकळा होऊ नकोस.

भारतातले वाचक तुला रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भारतीय पिचरांविषयी नक्की विचारतील, कारण 2008 मध्ये त्यांना करारबद्ध करणारा संघ हाच होता. त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख लिही. क्रिकेटची तुलना मात्र बेताने कर. दहांपैकी सात वेळा अपयशी ठरणारा बॅटरही येथे थोर मानला जातो, हे वाचकाला बेसबॉलच्याच भाषेत समजू दे.

मजकूर सामन्याच्या रात्रीच लिही, सकाळी स्कोअरकार्डाशी ताडून पाहा, आणि मगच लोकांपुढे ठेव. पहिला लेख झाला की मला पाठव.

तुझा हितचिंतक,
काका