शटर ओढण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

उद्यमनगरातली शेड सोडून तू या वर्षअखेर धंदा बंद करतोयस, हे समजलं. निर्णय तुझा आहे, त्यावर मी काही बोलत नाही. पण परवा फोनवर म्हणालास, "आधी जीएसटी नंबर रद्द करून टाकतो, मग मशीनचं बघू." तेवढं उलटं कर.

आधी मशीन वीक, तीही बिलावर. तुझ्या सीएनसीचंच, त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचंच धर. दहा लाखांना घेतलीस, 18 टक्के जीएसटी भरलास, त्याचं 1,80,000 इनपुट, म्हणजे पुढच्या करातून वजा करायचं क्रेडिट, मिळालं. त्याला तीन वर्षं झाली, म्हणजे बारा तिमाही. दर तिमाहीला 5 टक्के वजा करत गेलं की 72,000 उरतात. आता ती पाच लाखांना गेली तर त्यावरचा कर 90,000. मशीन विकली किंवा नंबर रद्द झाला, की या दोन्हींतली मोठी रक्कम सरकारला भरायची. पण बिलावर विकलीस तर हे 90,000 घेणाराच देतो, आणि शिरोलीचा कुणी नोंदणीवाला कारखानदार असेल तर त्याला त्याचं इनपुटही मिळतं. शिवाय तुझ्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात, इनपुट पडून असेल तर ते इथं वापरता येतं. नंबर आधी रद्द केलास आणि मशीन तशीच उभी राहिली, तर निदान ते 72,000 तुझ्या खिशातून. उरलेले लोखंडी बार, टूल, तयार माल यांचंही असंच.

गिऱ्हाईक म्हणेल, "बिल कशाला काढतासा? रोख घ्या की." अजिबात ऐकू नकोस. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. वर मशीन हिशोबाच्या वहीत न विकलेली तशीच राहते ते वेगळंच.

माल संपला की रद्दचा अर्ज. धंदा बंद झाल्यापासून 30 दिवसांत. तोवरची सगळी रिटर्न भरलेली हवीत, विक्री शून्य असली तरी. मग येतं जीएसटीआर-10, आणि निम्मे लोक इथंच घसरतात. रद्दची ऑर्डर हातात आली की सुटलो असं वाटतं, पण हे शेवटचं रिटर्न तीन महिन्यांत भरावं लागतं. नाही भरलं तर रोज 200 रुपये लेट फी चढते. पोर्टलवरचा मोबाईल नंबर आणि ईमेल तुझेच आहेत ना, ते आजच बघ. अकाउंटंटचा नंबर घातलेला असतो आणि नोटीस त्याच्याकडे जाऊन पडते.

प्रोफेशन टॅक्सचा नंबरही रद्द करून घे, नाहीतर वर्षाला 2500 रुपयांची मागणी येत राहील. शॉप अॅक्टला बंदची सूचना, टॅन म्हणजे टीडीएस कापायचा नंबर, पीएफ असेल तर तोही. ही कामं किरकोळ आहेत, सीएचा पोऱ्या करेल.

इन्कम टॅक्सचं मात्र स्वतः बस. यंदा तोटा दिसतोय ना? रिटर्न मुदतीत भरलंस तरच तो पुढं आठ वर्षं ओढता येतो. पुढं दुसरा धंदा काढलास तर त्याच्या नफ्यातूनही वजा होतो. एक दिवस उशीर झाला की गेला. म्हणून बंद धंद्याचं रिटर्न कशाला, असं म्हणू नकोस.

करंट खातं इतक्यात बंद करू नकोस. जुनी येणी आणि रिफंड त्यातच यायचेत. बिलांच्या फायली सहा वर्षं तरी ठेवाव्या लागतील. शेड रिकामी करताना त्या रद्दीत जाऊ देऊ नकोस, आमच्या माळ्यावर जागा आहे.

तुझा,
काका