बादली, नळ आणि पस्तीस मिनिटं

नागपुरातल्या मानेवाड्याहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बीएफएच्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. उन्हाळ्यात तिनं एका शाळेत चार दिवस शिबिर घेतलं, तेव्हापासून म्हणते, 'मी माझी चित्रं काढीन आणि शाळाशाळांत जाऊन मुलांसोबत काम करीन, पण नोकरी नको.' वडील विचारतात, 'हे पोट भरायचं काम आहे की हौस? बी.एड. करायला लावू का?'

साहेब, बी.एड.चं आधी मिटवतो. अनुदानित शाळेतल्या ड्रॉइंगच्या पदाला एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका विचारतात. त्यामुळे अभ्यासच करायचा असेल तर तो करावा. आणि तिची कल्पना हवेतली नाही. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर कलेसाठी अंशकालीन शिक्षक हवा असं लिहिलंय. अंशकालीन म्हणजे मानधनही तसंच, हे मात्र तिला आजच सांगा.

मला तिच्या चित्रांपेक्षा तासाची काळजी वाटते. शिबिरात येतात ती हौशी पोरं. वर्गात अठ्ठेचाळीस असतात, तास पस्तीस मिनिटांचा आणि नळ एक, तोही व्हरांड्याच्या टोकाला. एका चित्रकाराचा तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला आहे. पाणी आणण्यात आठ मिनिटं गेली, ब्रश धुण्यात दहा. मधल्या वेळात सगळ्यांनी दोन डोंगर, मधे सूर्य आणि नारळाचं झाड काढलं. नागपुरात! पुढच्या वेळी तो दोन बादल्या भरूनच आला, रंग ठेवले तीनच, आणि म्हणाला, 'यंदा मारबतीच्या मिरवणुकीत तुमचा बडग्या कोणाचा निघणार?' (बडग्या म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात तो वाईट गोष्टींचा पुतळा.) एक पोरगं लगेच म्हणालं, 'सर, खड्ड्यांचा! काहून की माझी सायकल रोज आदळते.' बांबूच्या काड्या, वर्तमानपत्र, खळ. पुतळा उभा राहीना तेव्हा तोल कसा सांभाळायचा, यावर पोरं स्वतःच भांडली. गणिताच्या बाई दारात थांबून बघत होत्या. ड्रॉइंग सर आणि वर्गात आलेला चित्रकार यांत मला फरक दिसतो तो इथं. तुमच्या मुलीला हे जमतं का, ते कॉलेजात कळणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या एखाद्या साध्या शाळेत आठ आठवडे, आठवड्याला एक तास, तोच वर्ग घेऊ द्या. वर्गशिक्षिका खोलीत असायला हवी, ही अट तिनं स्वतःच घालावी.

आता पैसा. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, फेब्रुवारीनंतर परीक्षांची धावपळ, त्यामुळे शाळेचं काम साधारण जुलै ते फेब्रुवारी. एप्रिल-मे शिबिरांचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी करून घेणं तिला कंटाळवाणं वाटेल, पण भाडं त्यातूनच निघतं. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक स्वतःहून येतात. दर तासाचा नाही, दिवसाचा ठरवावा, साहित्याचा खर्च वेगळा, अर्धी रक्कम आधी, आणि सगळं कागदावर. 'मुलांसाठी फुकट करा ना' असं म्हणणाऱ्या शाळा भेटतीलच. त्यांना वर्षात एक दिवस द्यावा, दुसरा नाही.

एका गोष्टीवर मी तुमच्या नाही, तिच्या बाजूचा आहे: दोन वर्षं घरखर्चाची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, पण हिशेबाची वही तिच्याच हातात द्या. आणि आठवड्यातले दोन दिवस तिच्या स्वतःच्या चित्रांसाठी राखून ठेवायला सांगा, शाळेनं कितीही बोलावलं तरी. ती चित्रं थांबली की वर्गातही तेच दोन डोंगर येतात.

आठ आठवडे झाले की तिला घेऊन या. येताना मुलांनी केलेलं काम आणा, प्रमाणपत्रं नको.