प्रकाशनस्थळ लिहायचं की नाही?

प्रश्न: प्रबंधासाठी एपीए शैली (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) वापरते आहे. मार्गदर्शक संदर्भसूचीत ‘पुणे:’ लिहायला सांगतात, सहकारी म्हणतात काढून टाक. लेखाची नोंद कशी करू?

उत्तर: मार्गदर्शकांच्या हाताशी बहुधा एपीएच्या नियमपुस्तिकेची सहावी आवृत्ती असावी. २०१९च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढलं. आता आडनाव, आद्याक्षरं, कंसात वर्ष, तिरप्या अक्षरांत पुस्तकाचं नाव आणि प्रकाशक, एवढंच. विद्यापीठ कोणती आवृत्ती मानतं ते मात्र आधी विचारून घ्या.

खरा घोळ लेखात होतो. लेखाचं शीर्षक सरळ, तिरपं होतं ते नियतकालिकाचं नाव आणि खंड. अंक खंडाला चिकटून, कंसात, पण सरळ: १२(३), ४५–६०. इथे ‘पृ.’ लिहायचं नाही. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला मात्र लिहायचं. डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर शेवटी पूर्ण दुव्याच्या रूपात द्या आणि त्यापुढे पूर्णविराम टाकू नका, दुवा तुटतो.

झोटेरो (संदर्भ साठवून सूची तयार करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर चूक वर्डमध्ये दुरुस्त करू नका. सूची ताजी केली की चूक परत येते (आणि नेमकी सादरीकरणाच्या आदल्या रात्री दिसते). झोटेरोतली मूळ नोंदच सुधारा.